सर्व्हिसिंगनंतर बाईक मिसिंग करू लागली, मधेच झटके मारू लागली का? आधी हे बघ

भाऊ, सर्व्हिसिंगच्या आधी गाडी नीट होती ना, मग इंजिन खोलायच्या भानगडीत पडू नको. दुकानात ज्याला ज्याला हात लागला तेवढंच आधी बघायचं.

पहिला प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडतो तो. गाडी थोडी पळवून आण, स्लोवर (रेस न देता नुसती चालू) न ठेवता लगेच बंद कर, गार झाल्यावर प्लग काढ. काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाऊ लागलंय, पांढराफटक असेल तर कुठूनतरी फालतू हवा घुसू लागली, आणि विटकरी-तपकिरी असेल तर पेट्रोल-हवेचं प्रमाण ठीक आहे. प्लगची कॅप फिरवून बघ, वायरीवर नुसती टेकवून दिलेली असते राव लई ठिकाणी, स्लोवर गाडी मस्त चालते आणि मांजरसुंब्याच्या घाटात लोड आला की झटके मारते.

नंतर कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळतो तो) आणि इंजिनच्या मधला रबर. कार्बोरेटर साफ करायला काढला असेल तर तिथंच घोळ असतो, बोल्ट एका बाजूनं आवळलेला नाहीतर ओ-रिंग (जोडातली गोल रबरी रिंग) चिमटलेली. गाडी स्लोवर ठेवून त्या जोडावर जरा पाणी शिंपड, आवाज बदलला की समज तिथून हवा घेऊ लागली. एअर फिल्टरचं झाकणही बघ.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट केले असतील तर गरम इंजिनवर केले का ते विचार. टॅपेट थंड इंजिनवरच करायचे असतात, तेही फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून, नुसत्या अंदाजानं नाही. लई टाइट झाले तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब) जातं, मग नवीन प्लग टाकून काय उपयोग?

आणि एका वेळी एकच गोष्ट बदल.