साठ गोळ्या उरल्या कशा?

पत्र: आईला (वय 68) स्तनाचा कॅन्सर. आता मणक्यात आणि कमरेच्या हाडात पसरलाय. डॉक्टर म्हणाले, यापुढे त्रास कमी करण्यापुरतेच उपचार. हैदराबादचा दादा रोज फोन करतो, ‘अजून एक किमो करून बघू.’ आई म्हणते, पुरे. सगळं मी एकटी बघते आणि बोलणीही मीच खाते. आई कूस बदलू देत नाही, अंगाला हात लावला की ओरडते. दुखण्यावर दिलेलं मॉर्फिन मात्र मी फार जपून वापरते. पंधरा दिवसांसाठी दिलेल्या नव्वद गोळ्यांपैकी महिना झाला तरी साठ शिल्लक आहेत. दादाला कसं समजावू?
– एक थकलेली मुलगी, चिंचवड

ताई, दादांचं नंतर बघू. आधी सांगा, साठ गोळ्या उरल्या कशा?

पंधरा दिवसांच्या नव्वद म्हणजे दिवसाला सहा, दर चार तासांनी एक. तुमच्याकडे महिन्यात तीस संपल्या, म्हणजे दिवसाला एक. या साध्या गोळीचा असर अर्ध्या-पाऊण तासात जाणवू लागतो आणि चारेक तास टिकतो. उरलेले वीस तास आई काय करते? कूस बदलू देत नाही, हात लावला की ओरडते. उत्तर तुमच्याच पत्रात आहे. दादांना दोष देणं सोपं आहे, पण ते हैदराबादेत आहेत. गोळ्यांचं कपाट चिंचवडात आहे आणि त्याची किल्ली तुमच्याकडे.

सवय लागेल ही भीती असणार, दुसरं काय! कॅन्सरच्या दुखण्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन क्वचितच लागतं. शरीर औषधाला सरावतं, म्हणून ते एकदम तोडायचं नसतं, एवढंच. योग्य मात्रेत दिलं तर मॉर्फिनने माणूस लवकर जातो हेही खरं नाही. आणि ओरडेपर्यंत थांबून दिलेली गोळी दुखण्याला गाठूच शकत नाही. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटना 1986 पासून सांगतेय की हे औषध घड्याळ बघून द्या.

पण हे वाचून आज रात्रीपासून सहा गोळ्या सुरू करू नका. महिनाभर एका गोळीवर राहिलेल्या शरीराला ते एकदम जास्त होऊ शकतं. उद्या सकाळी ज्यांनी गोळ्या लिहून दिल्या त्या डॉक्टरांना फोन करा आणि साठचा आकडा सांगा. ‘देते की वेळेवर’ म्हणालात तर त्यांना वाटेल सहा घेऊनही दुखतंय, आणि ते मात्रा वाढवतील. मग एखाद्या दिवशी तुम्ही खरंच सगळ्या दिल्यात तर आईला झेपणार नाही.

नवी मात्रा ठरली की वेळा कॅलेंडरवर लिहा. बहुतेक ठिकाणी सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 आणि रात्री 10 अशा असतात. रात्रीची दुप्पट देऊन पहाटे 2 ची सहावी टाळायची की नाही, ते डॉक्टरच सांगतील. दोन वेळांच्या मधे कळ उठली तर जादा गोळी किती, हेही विचारून ठेवा. अंग पुसणं, चादर बदलणं गोळीनंतर पाऊण तासाने करा.

पोट साफ होण्याचं औषध पहिल्या गोळीपासूनच हवं, कारण मॉर्फिन आतडी मंदावतं, बद्धकोष्ठ होतं आणि हा त्रास आपोआप जात नाही. इसबगोल नको. पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या आतड्यात त्याचाच गोळा अडकतो. मळमळ आणि गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते, मळमळीवर औषधही मिळतं. मात्र हाक मारूनही आई जागी होत नसेल, श्वास फार मंदावला असेल, तर पुढची गोळी न देता तातडीने मदत बोलवा. हातपाय झटकत असतील किंवा लघवी कमी झाली असेल तर पुढच्या गोळीआधी डॉक्टरांना विचारा. आणि मणक्यात पसरलंय म्हणून खास सांगते: पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

तुम्हाला जवळ पडेल असं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं) केंद्र पुण्यात वारज्यात आहे. 1997 पासून ते विनामूल्य चालतं. फोन करून आईचे कागद दाखवायला जा. घरी कसं सांभाळायचं ते शिकवतात, म्हणजे सगळं एकटीच्या अंगावर पडणार नाही.

राहिले दादा. त्यांना समजावत बसू नका, काम द्या. हाडातलं दुखणं कमी करायला बऱ्याचदा एकाच दिवसाचं रेडिएशन पुरतं. आईला ते देता येईल का, हे त्यांनी डॉक्टरांना विचारावं. किमोचं मात्र आईलाच विचारा, सलग चार-पाच रात्री ती नीट झोपल्यानंतर, आणि तेव्हाही ‘पुरे’ म्हणाली तर दादांना फोन तिलाच करू द्या.