एसओपीतला 'परत येणार' वाला पॅराग्राफ

तू विचारलंयस की सस्टेनेबिलिटीचं इरास्मुस मुंडुस जॉइंट मास्टर्स (युरोपियन युनियनच्या स्कॉलरशिपवर, वेगवेगळ्या देशांतल्या युनिव्हर्सिट्यांत मिळून) करायचंय, तर एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या 'मला हे का शिकायचंय' वाल्या निबंधात, "शिकून परत येऊन गावासाठी काम करणार" असं लिहू का. दोन दिवस डोक्यातून जाईना हा प्रश्न, म्हणून लिहायला बसले. स्कॉलरशिप महिना 1400 युरो, फी नाही वगैरे साइटवर आहे, ते तिकडं बघ.

मी लातूरची. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ना, पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर, तेव्हा आमच्या गल्लीत टँकरसाठी घागरींची रांग लागायची आणि आईनं आमच्या घागरींवर ऑइलपेंटनं आडनाव घातलं होतं, कारण गर्दीत घागरी बदलायच्या. हे सगळं मी एसओपीत घातलं, शेवटी परत येणारवाला पॅराग्राफ, आणि झालं की सिलेक्शन.

माझा कोर्स मेस्पॉम, पर्यावरणाचं विज्ञान, धोरण आणि व्यवस्थापन ह्यातलं असलंच जॉइंट मास्टर्स. आधी बुडापेस्टला सीईयू, म्हणजे सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटी (ते आता व्हिएन्नाला गेलंय), मग ग्रीसचं लेस्वोस बेट, मग स्वीडनमधलं लुंड. दर सहा महिन्यांनी बॅगा भरून विमानात बसायचं आणि उतरून कार्बन फूटप्रिंटची असाइनमेंट लिहायची, ह्यावर आम्हीच हसायचो.

कागदांचं मात्र आत्ताच बघ. माझ्या डिग्रीवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडलांचं, पासपोर्टवर क्रम वेगळा. एका कचेरीनं वडलांचं नाव आडनाव धरलं, दुसरीनं गाळूनच टाकलं, म्हणजे दोन परमिटवर दोन वेगळ्या बायका. मी तिकडं, त्यामुळे अ‍ॅफिडेव्हिट, मंत्रालय, अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का) हे सगळं बाबांनी केलं, लातूर-मुंबई तीनदा, रात्रीच्या गाडीनं, गुडघा दुखत असताना. मला सांगितलं नाही त्यांनी गुडघ्याचं. अजून सलतं. आणि स्वीडनमध्ये वर्षाच्या आत मुक्काम असेल तर पर्सननुमर (तिकडचा ओळख नंबर) देत नाहीत, तो नाही म्हणून बँकआयडी (फोनवरची ओळख) नाही, म्हणून स्विश, म्हणजे फोनवरून पैसे द्यायचं अ‍ॅप, तेही नाही, सगळे पिझ्झाचे पैसे फोनवरून देतायत आणि मी नोट धरून उभी.

एकटेपणाचं काय, येतो नि जातो. छोटा कुकर ने.

लेस्वोसला एकदा वर्गात प्रत्येकानं घरचा रोजचा पाणीवापर सांगायचा होता, माणशी किती लिटर. बाकीचे घरी मेसेज करून बिलाचे आकडे मागवत होते, मी घागरी मोजल्या, त्यातली धुण्याला किती, त्याच पाण्यानं मग फरशी, मग संडास. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला आवडल्या, खोटं कशाला बोलू. तीच गोष्ट मी लुंडला सांगितली, जरा घोटून, आणि नोकरीच्या इंटरव्ह्यूला तर कुठं थांबायचं तेही पाठ झालं होतं.

नोकरी माल्मोत, स्वीडनमध्येच. इथं 31 ऑगस्ट 2014ला काही तासांत 100 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, शहराची तळघरं बुडाली, तेव्हापासून जादा पाणी कुठं सोडायचं ह्यावर बरंच काम चालतं. ऑगस्टेनबोर्ग म्हणून एक वस्ती आहे, तिथं छपरावर गवत आणि घरांमधून उघडे पाट काढलेत, पाणी सावकाश जावं म्हणून, ते बघायला लोक लांबून येतात. मी असल्या पाटांचे उतार काढते. आईला समजावलं तर म्हणाली, "म्हंजे पाणी नको झालेल्यांचं काम करायलीस का?"

दरवर्षी म्हणते पुढच्या वर्षी परत. मग परमिटची तारीख, मग पगार, मग अजून काहीतरी. कुणी अडवलेलं नाही मला.

तर तो पॅराग्राफ लिही, लिहिताना तुला खरंच तसं वाटत असेल, मलाही वाटत होतं. फक्त घरी वाचून दाखवू नकोस. मी आईला मराठीत करून वाचून दाखवला होता, तिला अजून पाठ आहे.