वाचकांचे प्रश्न : घरबसल्या पाहायचा ट्रान्सजेंडर चित्रपट महोत्सव

प्रश्न : मी मूळची सांगलीची, सध्या सहा महिन्यांसाठी लेकीकडे कॅलिफोर्नियात सनीवेल येथे आले आहे. माझ्या नातवाने दोन वर्षांपूर्वी आपण मुलगी असल्याचे घरात सांगितले आणि आता ती सॅन फ्रान्सिस्कोत मुलगी म्हणूनच राहते. तिथे नोव्हेंबरमध्ये ट्रान्सजेंडर चित्रपट महोत्सव भरतो. गुडघ्यांमुळे मला थिएटरपर्यंत जाणे जमणार नाही, म्हणून तिने घरून लघुपट पाहण्याचे तिकीट मला काढून दिले आहे. हे चित्रपट कसे असतात, मला ते कळतील का, आणि पाहून झाल्यावर तिच्याशी काय बोलावे? बोलताना माझ्या तोंडून अजून ‘आला’, ‘गेला’ असेच येते आणि मग जीव चुटपुटत राहतो.
— एक आजी

उत्तर : आजी, तुम्हाला तिकीट मिळाले आहे तो महोत्सव 1997 साली सुरू झाला. ख्रिस्टोफर ली, अल ऑस्टिन आणि त्यांच्या सोबत्यांनी तो उभा केला आणि उत्तर अमेरिकेतल्या अशा प्रकारच्या अगदी पहिल्या महोत्सवांमध्ये त्याची गणना होते. 2003 पासून गायिका आणि चित्रपटकर्ती शॉना विरागो त्याची कलाविषयक धुरा सांभाळत आल्या आहेत. मिशन भागातल्या सोळाव्या रस्त्यावरचे रॉक्सी हे जुने थिएटर म्हणजे त्याचे नेहमीचे घर. 2020 मध्ये करोनामुळे महोत्सव ऑनलाइन गेला आणि ज्यांना थिएटरपर्यंत पोहोचता येत नाही, अशांसाठी घरून पाहण्याची वाट खुली झाली. त्यामुळे आपण मागच्या दाराने आत शिरतो आहोत असे मुळीच मानू नका; ही सोय तुमच्यासारख्यांसाठीच आहे.

या महोत्सवाच्या संस्थापकांपैकी ख्रिस्टोफर ली यांच्याविषयी थोडे सांगणे मला आवश्यक वाटते. वर्षानुवर्षे पुरुष म्हणून जगलेल्या या चित्रपटकर्त्याचे 2012 मध्ये निधन झाले, तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर त्यांची नोंद ‘स्त्री’ अशी करण्यात आली. त्यांच्या मित्रमैत्रिणींनी हा प्रश्न लावून धरला आणि त्यातून 2014 मध्ये कॅलिफोर्नियात कायदा झाला. माणूस ज्या ओळखीने जगला, तीच ओळख त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर नोंदली जावी, असे सांगणारा हा कायदा जुलै 2015 पासून लागू आहे. आपली नोंद दुसऱ्याने चुकीची करू नये म्हणून ती आपणच करून ठेवावी, ही निकड या लघुपटांच्या मुळाशी असते. ती ध्यानात ठेवली, की एरवी अनघड वाटणारी चित्रेही आपलीशी वाटू लागतात.

लघुपटच का, तर मोठ्या चित्रपटाला लागणारा पैसा या मंडळींच्या हाती सहसा येत नाही. स्वतःचीच खोली, अभिनयाला मैत्रिणी, उसना आणलेला कॅमेरा, एवढ्यावर पाच-दहा मिनिटांचा चित्रपट होऊ शकतो. असे अनेक लघुपट एकापुढे एक गुंफून तास-दीड तासाचा एक कार्यक्रम केला जातो आणि तिकीट बहुधा त्या अख्ख्या कार्यक्रमाचे असते. त्यात हातांनी रेखाटलेले चलचित्र असेल, माहितीपट असेल, नुसते नृत्य असेल, तर काहींमध्ये गोष्ट अशी नसेलच. एखादा कळला नाही तर तो तुमच्या वयाचा दोष नव्हे; तो चार-सहा मिनिटांत संपतो आणि पुढचा सुरू होतो. मात्र क्रम मोडू नका. कोणत्या लघुपटानंतर कोणता यावा, याचा विचार करूनच तो कार्यक्रम बांधलेला असतो, हे आपल्याकडच्या मैफलीला जाणाऱ्या माणसाला वेगळे सांगायला नको.

भाषेची काळजी थोडी कमी करता येईल. अनेक लघुपटांना इंग्रजी अक्षरपट्टी असते, आणि बहिऱ्या प्रेक्षकांसाठी आवाजही त्यात चौकटी कंसात लिहिलेले असतात. दार लोटल्याचा, पाऊस लागल्याचा, कुणी हुंदका गिळल्याचा. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी असे कार्यक्रम पाहते, तेव्हा त्या कंसातल्या ओळी मला संवादांइतक्याच बोलक्या वाटतात. लेकीला शेजारी बसवा, अडेल तिथे चित्र थांबवा आणि अर्थ विचारून घ्या; थिएटरात हे करता आले नसते. काही लघुपटांत मारहाणीचा, घरातून हाकलले जाण्याचा, जीव नकोसा होण्याचा उल्लेख येतो. कार्यक्रमाच्या वर्णनात तशी सूचना दिली असेल तर ती आधी वाचून घ्या आणि एखादा लघुपट सोडावासा वाटला तर निःसंकोच सोडा.

आता तुमचा खरा प्रश्न. पाहून झाल्यावर नातीला ‘तुझ्याही बाबतीत असेच झाले का?’ असे लगेच विचारू नका. पडद्यावरच्या प्रत्येक दुःखाची जबानी तिच्याकडून घेतली, तर पुढच्या वर्षी ती तिकीट काढताना दहा वेळा विचार करील. त्याऐवजी चित्रपटाविषयी बोला. ‘ती मुलगी जिना चढून वर गेली, पण तिने बेल का वाजवली नाही?’ असे काही, म्हणजे तुम्ही जे पाहिले असेल त्याविषयी. इंग्रजीत क्रियापदाला लिंग नाही. मराठीत ‘आला’ की ‘आली’ हे ठरवल्यावाचून साधे वाक्यसुद्धा पुरे होत नाही, म्हणून तर आपली जीभ तिथेच अडखळते. ही सवय सोडवायला पडद्यावरची पात्रे फार उपयोगी पडतात, कारण त्यांच्याबाबतीत चूक झाली तरी कुणी दुखावत नाही. आणि तुमच्याकडचेच उदाहरण घ्या. कोल्हापूरकडच्या कितीतरी मुली-बायका ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ असे सर्रास म्हणतात आणि त्यांच्या बाईपणाला त्याने काही होत नाही. मराठीची क्रियापदे आपण समजतो तेवढी ताठ नाहीत. चूक झाली, तर ‘आला’ म्हणताक्षणी ‘आली’ म्हणावे आणि बोलणे पुढे न्यावे. लांबलचक माफी मागितली, की तिलाच तुमचे सांत्वन करावे लागते.

एक सांगू का? तोंडून जुनेच येते असे तुम्ही लिहिता, पण त्याच पत्रात ‘ती राहते’, ‘तिने काढून दिले’ असेही तुम्हीच लिहिले आहे, आणि कुठेही खाडाखोड नाही. तुमचा हात जिभेच्या पुढे गेला आहे.

प्रश्न : आमच्या नाशिकच्या चित्रपट मंडळात चाळीस सभासद आहेत. अशा महोत्सवाचे एकच तिकीट काढून ते सभागृहात मोठ्या पडद्यावर दाखवता येईल का?

उत्तर : नाही. ते तिकीट एका घरापुरते असते. सार्वजनिक खेळासाठी चित्रपटकर्त्यांची किंवा महोत्सवाची परवानगी घ्यावी लागते आणि त्याचे जे काही मानधन असेल ते द्यावे. तुमचे चाळीस सभासद तेवढे सहज उभे करतील. प्रश्न फक्त पैशांचा नाही. लघुपटात आपला चेहरा दाखवणाऱ्या माणसाने तो कुठवर जाऊ द्यायचा, याचा हिशोब मनाशी केलेला असतो. म्हणूनच पडद्याचे चित्रण करून एखादा तुकडाही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, मग तो कितीही आवडलेला असो.

प्रश्न : मी मराठवाड्यातल्या एका वसतिगृहात राहतो आहे, एका खोलीत आम्ही तिघे. मला असे लघुपट पाहायचे आहेत, पण कुणाला कळले तर काय, याची धास्ती वाटते. इथून पाहता येते का?

उत्तर : पुष्कळदा येते, पण दरवेळी नाही. काही लघुपटांचे हक्क विशिष्ट देशांपुरतेच दिलेले असतात, म्हणून पैसे भरण्याआधी ‘भारतातून उपलब्ध’ आहे का, हे तिकिटाच्या पानावर पाहून घ्या. थेट प्रक्षेपण असेल तर वेळेचे गणित करा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते. तिथला शुक्रवारचा संध्याकाळचा सातचा खेळ आपल्याकडे शनिवारी सकाळी साडेआठला लागतो, आणि तेव्हा खोलीतले सोबती बहुधा नाश्त्याला गेलेले असतील. ठरावीक दिवसांत केव्हाही पाहण्याची मुभा असेल, तर उत्तमच.

तिकिटाचा दुवा ईमेलवर येतो, तेव्हा जो फक्त तुम्हीच उघडता असा पत्ता द्या. वडिलांचे कार्ड वापरले, तर महोत्सवाचे नाव त्यांच्या हिशोबात उमटू शकते, हे विसरू नका. कार्यक्रमानंतर गप्पा असतील आणि तुम्ही त्यात शिरलात, तर तुमच्या खात्याचे नाव सर्वांना दिसू शकते. ते आधी बदला, किंवा गप्पा न उघडता नुसते ऐका. कॅमेरा सुरू करण्याची गरज नसते. इअरफोन लावायला मात्र विसरू नका.

जवळचा पर्याय म्हणजे मुंबईचा ‘कशिश’ हा एलजीबीटीक्यू चित्रपट महोत्सव. तो केवळ ट्रान्सजेंडर विषयापुरता नाही, पण 2010 पासून भरत आला आहे आणि 2020 व 2021 या दोन्ही वर्षी तो ऑनलाइन झाला होता. पुढच्या आवृत्तीची घोषणा झाली, की घरून पाहण्याची सोय आहे का ते तपासा.

हे लघुपट का पाहावेसे वाटतात, ते तुम्ही लिहिलेले नाही आणि मी विचारणारही नाही. ते सांगितल्यावाचूनही पाहता येतात.