तो मलाच का चावतो?

"मी तीन दिवस आजारी होते. त्या तीन दिवसांत त्याने कुणालाही काही केलं नाही. मी परत गेले आणि तासाभरात तो मला चावला. म्हणजे खोट माझ्यातच आहे ना?"

माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी हे सांगून टाकलं, पाठ करून आणल्यासारखं. त्या प्राथमिक शाळेत काम करतात. पदाचं नाव कुठे विशेष शिक्षण सहायक असतं, कुठे तंत्रज्ञ; पालक सरळ शॅडो टीचर म्हणतात. वर्गशिक्षिका सगळ्या वर्गाला शिकवत असताना विशेष गरजा असलेल्या एखाद्या मुलाशेजारी बसायचं, वहीपासून स्वच्छतागृहापर्यंत त्याची सोबत करायची, हे त्यांचं काम. त्यांच्याकडचा मुलगा सात वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला), मोजकंच बोलणारा. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

या कामातल्या अनेक जणींकडून हा प्रश्न मी ऐकला आहे. माझ्यापाशीच तो असं करतो, बाकी सगळ्यांकडे शहाणा. चावा दोन दिवसांत बरा होतो. त्यानंतर कुणीतरी सहज बोलून गेलेलं मात्र सलत राहतं. यांना वर्गशिक्षिका म्हणाल्या होत्या, "तुम्ही नव्हता तेव्हा छान होता हं तो." त्यात कुत्सितपणा नव्हता, हे त्यांनाही मान्य होतं. तरी त्या रात्री झोप लागली नाही.

पहिल्या भेटीत मी चुकले. डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहिली, थकव्याबद्दल बोलत बसले आणि थोडी विश्रांती घ्या असं सुचवलं. थकवा होताच. पण ज्या सुट्टीमुळे त्या दुखावल्या होत्या, त्याच सुट्टीचं औषध मी त्यांना देत होते. त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. ते "बरं" मला आठवडाभर टोचत राहिलं.

दुसऱ्या भेटीत मी विचारलं, "त्या तीन दिवसांत तो काय करत होता?"

त्यांना माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, बदलीवर आलेल्या बाईंना विचारा आणि त्याची वही उघडून बघा. वहीत तीन दिवसांचं एकही अक्षर नव्हतं. बदलीच्या बाईंना मूल नवीन, म्हणून त्यांनी त्याला ठोकळे आणि कोडी देऊन एका कोपऱ्यात रमवलं होतं. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. पण त्या तीन दिवसांत त्याच्याकडे कुणी काही मागितलंच नाही, मग तो चावणार कशासाठी? लिही, थांब, पुन्हा कर, असं दिवसभर मागणारं माणूस त्याच्या आयुष्यात एकच होतं, आणि ते आजारी होतं.

इतकं ऐकून त्यांचा चेहरा सैल झाला. इथेच थांबले असते तर भेट गोड झाली असती. पण मला त्यांच्या नोंदी बघायच्या होत्या.

नोंदी होत्या: "आज आक्रमक." "मूड नव्हता." "सकाळपासून चिडचिड." ह्या नोंदी नव्हेत, निकाल आहेत. घटनेच्या आधी काय झालं, मुलाने नेमकं काय केलं, त्यानंतर लगेच काय झालं, हे तीन रकाने प्रशिक्षणात सगळ्यांना शिकवतात. एबीसी नोंद म्हणतात त्याला. शाळेच्या धबडग्यात ते सुटून जातं. मी म्हटलं, दोन आठवडे फक्त रकाने भरा, विशेषणं नकोत.

दोन आठवड्यांत सहा प्रसंग. एक घंटेच्या कर्कश आवाजानंतरचा. उरलेले पाचही लिहिण्याच्या तासाचे. आणि त्या पाचही वेळा तिसऱ्या रकान्यात एकच मजकूर होता: वही बंद केली, शांत कोपऱ्यात नेलं.

त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे चावलं की सुटका होते."

हो. ज्याला "पुरे" म्हणता येत नाही, त्याच्यासाठी ते काम दात करतात. कार आणि ड्युरांड या संशोधकांनी 1985 मध्ये दाखवून दिलं होतं की, त्रासदायक वागण्यातून मुलाला जे मिळतं तेच मागण्याची साधी रीत त्याला शिकवली, तर ते वागणं कमी होतं. अर्थात योजना आखणं माझं काम नव्हे. ती शाळेच्या विशेष शिक्षिका आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांनी आखली: "थांबू या" असं चित्राचं कार्ड, आणि सुरुवातीला कार्ड दिलं की दर वेळी, लगेच, कुरकुर न करता वही बंद. चावण्यापेक्षा कार्ड देणं सोपं आणि खात्रीचं वाटलं तरच मूल ते उचलतं. उलट चावून वही बंद होत नाही असं दिसलं की सुरुवातीचे काही दिवस चावणं वाढूही शकतं. विझण्याआधी वात भडकते तसं. हे आधी ठाऊक नसेल तर दुसऱ्याच दिवशी माणूस योजना सोडून देतं.

मग मी त्यांना म्हटलं, लिहिण्याचा तास मला करून दाखवा. मी मुलगा झाले. त्या म्हणाल्या, "पाच शब्द लिहायचे, मग सुट्टी." मी पाच शब्द लिहिले. त्या आनंदाने म्हणाल्या, "शाब्बास! आता अजून एकच."

आणि गप्प झाल्या.

"हे मी रोज म्हणते," त्या हळूच म्हणाल्या.

का म्हणतात, तेही त्यांनीच सांगितलं. तासाच्या शेवटी वर्गशिक्षिका वही बघतात. पान अर्धं कोरं दिसलं तर बाईंनी काय केलं तासभर, असं वाटेल. मुलाचं पान म्हणजे यांचं हजेरीपत्रक झालं होतं. शाळेत त्या मुलाबद्दल बोलतानाही सगळे "तुमचा मुलगा" म्हणत. जिआंग्रेको आणि सहकाऱ्यांनी 1997 मधल्या अभ्यासात हेच नोंदवलं होतं: मोठं माणूस मुलाला सतत चिकटून असलं की मूल त्याच्यावर विसंबायला लागतं, सवंगड्यांपासून तुटतं, आणि वर्गशिक्षिकेलाही ते आपलं वाटेनासं होतं. म्हणून त्यांनी वर्गशिक्षिकेकडे एकच गोष्ट मागायची ठरवली: आज किती शब्द, ते तुम्ही तासाआधी सांगा. तेवढेच लिहून घेईन.

तर मग खोट त्यांच्यात होती का? "छे छे, तुमचं काही चुकलं नाही" असं म्हणणं आम्हा समुपदेशकांना फार सोपं जातं, आणि समोरच्याला ते खोटं आहे हे कळतं. मी म्हटलं, तुमचा वाटा आहे, एका वाक्याएवढा. काम संपतं यावर त्याचा विश्वास बसायचा, तर ते सांगितल्याप्रमाणे संपायला हवं.

पुढच्या भेटीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. एकदा तो चावल्यावर त्यांनी त्याचं मनगट जोरात आवळलं होतं. दोन-तीन सेकंद. कुणी पाहिलं नव्हतं. सांगताना त्या रडल्या. मी माफ केलं नाही आणि रागावलेही नाही. मला तो अधिकारच नव्हता. शाळेच्या घटना नोंदवहीत काय आहे, एवढंच विचारलं. त्यात ते आवळणं नव्हतं, आणि सहापैकी पाच चावेही नव्हते. "मुलाची तक्रार केल्यासारखं वाटतं." त्यावर मी चक्क वाद घातला. नोंदच नसेल तर या तासाला पाळीपाळीने दुसरं माणूस हवं, सुरक्षितपणे हात सोडवून घेण्याचं प्रशिक्षण हवं, हे शाळेला कळणार कसं? राग अनावर होण्याआधी "आता तुम्ही घ्या" म्हणायला शेजारी कुणीतरी असावं लागतं. आणि हो, कातडी फाटली असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. यांनी नुसती बाही खाली ओढली होती.

मनगटाची गोष्ट त्यांनी मुख्याध्यापिकांना स्वतः सांगितली. त्यावर काय झालं ते इथे लिहीत नाही. मुलाच्या घरीही कळवलं गेलं.

कार्डाचा पहिला आठवडा वाईट गेला. तो कार्ड इतक्या वेळा पुढे करायचा की वहीत दोन शब्दही धड होईनात, आणि दोनदा चावलाही. दीडेक महिन्यानंतर चावणं क्वचितवर आलं, बंद झालेलं नाही. एकदा त्याने प्रार्थनेच्या रांगेत उभं असतानाच कार्ड दिलं. वहीचा संबंधच नव्हता, गर्दी नको झाली होती. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

शेवटच्या भेटीला त्या ठरलेल्या रजेवर जाण्याच्या बेतात होत्या. बदलीवर येणाऱ्या बाईंसाठी अर्ध्या पानाची टिपण लिहून आणली होती, बघा म्हणाल्या. पहिली ओळ होती: "पाच शब्द सांगितले की पाचच."