वाचकांचे प्रश्न : नाटक पाहून काय होते?

प्रश्न : अन्यायाविषयीचे नाटक पाहून प्रेक्षक हळहळतो आणि घरी जातो. मग राजकीय नाटक त्याला विचार करायला लावते, असे कशाच्या आधारावर म्हणायचे?

उत्तर : नुसती हळहळ वाटायला लावणारे नाटक माझ्या मते दुबळेच. १९७२ साली पुण्यात रंगमंचावर आलेले विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ पाहावे. जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनातली ब्राह्मणांची ती रांग गाते, डोलते आणि मागे चाललेले नको ते पाठ फिरवून झाकूनही टाकते. त्या तालावर ठेका धरणारा प्रेक्षक नकळत त्याच रांगेत जाऊन उभा राहतो. पोटची मुलगी देऊन कोतवाली मिळवणाऱ्या घाशीरामाला शेवटी जमाव ठेचून मारतो, पण ती मुलगी घेऊन त्याला कोतवाली देणारे पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस सुखरूप राहतात आणि वर उत्सवाची आज्ञा देतात. दुष्ट मेल्याचे समाधान प्रेक्षकाच्या पदरात पडते न पडते तोच, दुष्टाला पोसणारा जागचा हललेलाही नाही, हे त्याला दिसते.

नानांची आणि ब्राह्मणांची बदनामी झाली म्हणून त्या वेळी जे वादळ उठले, त्यावरून घाव वर्मी बसला होता एवढे निश्चित. मात्र इतिहास खरा की खोटा या वादात सत्तेविषयीचा मूळ प्रश्न बराच मागे पडला, हेही मान्य करावे लागते.