शिरोबिंदू काढायला नुकतीच सुरुवात केलीयस? मग एवढंच पक्कं कर

शिरोबिंदू म्हणजे क्ष² असलेल्या समीकरणाच्या आलेखाचा (परवलयाचा) सर्वांत खालचा किंवा वरचा बिंदू. सूत्र एकच: य = अ × क्ष² + ब × क्ष + क असेल, तर शिरोबिंदूचा क्ष = −ब ÷ (२अ). वर्ग पूर्ण करायची रीत आणि विकलन सध्या बाजूला ठेव, त्यांची वेळ येईल.

य = २क्ष² − १२क्ष + ७ घे. इथे ब म्हणजे −१२, नुसते १२ नव्हे. बहुतेक मुलं इथेच घसरतात. चिन्हासकट कंसात लिही: −(−१२) ÷ (२ × २) = १२ ÷ ४ = ३.

आणखी दोन चुका नेहमीच्या:
- कॅल्क्युलेटरवर १२ ÷ २ × २ दाबणं. उत्तर १२ येतं! छेदाला कंस हवाच.
- ३ आले की थांबणं. शिरोबिंदू हा बिंदू आहे, य पण काढ: १८ − ३६ + ७ = −११. म्हणजे (३, −११).

आता ताळा, हा मला फार आवडतो. ३ च्या दोन्ही बाजूंना एकेक पाऊल जा. क्ष = २ ला य = −९, क्ष = ४ लाही −९. आलेख दोन्हीकडे सारखा चढतोय, म्हणजे मधोमध शिरोबिंदूच आहे. अ ऋण असेल तर तो सर्वांत वरचा बिंदू, सूत्र तेच.

आज पाच गणितं ताळ्यासकट कर. अडलीस तर पायऱ्या लिहून पाठव, नुसतं उत्तर नको.