पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मॉडेल रेल्वेचा ४ बाय ६ फुटांचा लेआउट करतोय. वाफेच्या इंजिनाचं कोणतं विजेवर चालणारं मॉडेल घ्यावं?

एचओ स्केलचं (१:८७) सहा चाकांचं टँक इंजिन (पाणी-कोळशाचा वेगळा डबा मागे नसलेलं, आखूड) घ्या. एवढ्या फळीवर वळणाची त्रिज्या साधारण १८ इंचच ठेवावी लागते. त्यावर लांबलचक इंजिनं अडखळतात, रुळावरून उतरतात. शोकेसमध्ये मात्र झकास दिसतात!

घेताना इंजिन उलटं करून बघा, वीज किती चाकांतून घेतली जाते ते. मोजक्याच चाकांतून घेत असेल तर रूळ बदलायच्या सांध्यातल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर ते हमखास थबकणार. सगळ्या चाकांतून वीज घेणारं, वजनदार इंजिन संथ चालतं, आणि चाकांना जोडणारे दांडे वरखाली होताना बघायचे तर संथच चालायला हवं. पुढे डीसीसी (रुळांतून डिजिटल संदेश पाठवून प्रत्येक इंजिन वेगळं चालवायची पद्धत) करायचं असेल तर डिकोडरचं, म्हणजे ते संदेश ओळखणाऱ्या चिपचं, सॉकेट असलेलंच घ्या. त्याआधी कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून या.